तारेच्या कक्षा : स्पुतनिक ते इलेक्ट्रॉन, एका प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अवकाश सप्ताह असतो, तेव्हा सभागृहाचा एक कोपरा आपल्या आकाशनिरीक्षण गटाला देतो म्हणाले. दरवर्षी आम्ही पुठ्ठ्याचं रॉकेट आणि ग्रहमाला मांडतो. यंदा ते करायचं नाही, हे गटातल्या सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं.

विषय मी सुचवला : सोव्हिएत संघानं सुरुवातीच्या सात-आठ वर्षांत पृथ्वीभोवतीचं अवकाश मोजायला जे उपग्रह सोडले, ते, स्पुतनिकपासून ‘इलेक्ट्रॉन’ नावाच्या उपग्रहांपर्यंत. पहिल्या स्पुतनिकची ‘बीप बीप’ सगळ्यांना ठाऊक असते, लायका कुत्रीही ठाऊक असते. पण वर जाऊन या उपग्रहांनी मोजलं काय, हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं. मला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवून तीस वर्षं झाली आणि मीही वर्गात हे कधी नीट सांगितलेलं नाही. ते आता करायचं आहे.

प्रमाण ठरलं. पृथ्वी म्हणजे २० सेंटिमीटर व्यासाचा गोळा. म्हणजे पृथ्वीची त्रिज्या १० सेंटिमीटर आणि १ मिलिमीटर म्हणजे साधारण ६४ किलोमीटर. कक्षा जीआय तारेच्या, खऱ्या आकाराच्या आणि खऱ्या कलाच्या, म्हणजे विषुववृत्ताशी जितक्या तिरक्या तितक्याच. उपग्रहांचे सुबक मॉडेल करायचे नाहीत. लोकांना दिसायला हवी ती वाट.

५ ऑगस्ट, मंगळवार

कक्षांचा तक्ता केला. प्रत्येक कक्षेची जवळची आणि दूरची उंची घेऊन केप्लरच्या नियमानं फेरीचा काळ स्वतः काढायचा आणि छापील आकड्याशी ताडून बघायचा, असा नेम ठेवला. आकडा जुळला तरच तार कापायची.

स्पुतनिक-१ : २१५ ते ९३९ किलोमीटर, ९६ मिनिटं. ८३.६ किलोचा, ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा. यात अवकाश मोजण्याचं खास उपकरण नव्हतं, तरी २० आणि ४० मेगाहर्ट्‌झच्या त्याच्या लहरी आयनांबरातून (वातावरणातल्या विद्युतभारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या, वरच्या थरातून) कशा वाकून येतात त्यावरून वरच्या थरांचा अंदाज घेता आला आणि कक्षा कशी आक्रसत जाते त्यावरून तिथल्या हवेची विरळता. ४ ऑक्टोबर १९५७ ला गेला, तीनेक आठवडे बोलला, ४ जानेवारी १९५८ ला वातावरणात जळाला.

स्पुतनिक-३ : २१७ ते १,८६४ किलोमीटर. माझं उत्तर १०५.८ मिनिटं, छापील १०५.९. कागदावर पेन्सिलीनं घन-वर्गमूळ करून हे उत्तर आलं तेव्हा फार बरं वाटलं. सदुसष्ट वर्षांपूर्वीच्या त्या यंत्राची फेरी आपल्या टेबलावर पुन्हा पुरी होते.

आपल्या गोळ्यावर मात्र ही कक्षा अगदी अंगालगत येते. जवळ असताना साडेतीन मिलिमीटर, दूर असताना जेमतेम तीन सेंटिमीटर. मुलांना वाटतं उपग्रह म्हणजे लांब, काळ्या पोकळीत. इथे तो कातडीला चिकटलेला दिसेल. ते दिसलंच पाहिजे.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. ताई आणि भाची आल्या. भाची दहावीत आहे, राखी बांधून झाल्याझाल्या तिनं तक्ता ओढून घेतला. “मामा, तिसऱ्याचं वजन १,३२७ किलो आणि पहिल्याचं ८४? सात-आठ महिन्यांत एवढं कसं वाढवलं?”

प्रश्न नेमका होता, म्हणून इथे उत्तर नीट लिहून ठेवतो. फलकावरही हेच जाईल.

वजन वाढवलं नव्हतं. मुळात तिसराच पहिला जायचा होता. जानेवारी १९५६ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली ती ‘ऑब्जेक्ट डी’ नावाच्या जड वैज्ञानिक उपग्रहाला. वैज्ञानिक बाजू गणितज्ञ म्स्तिस्लाव केल्दिश यांच्याकडे, यंत्र आणि रॉकेट मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव यांच्याकडे. चुंबकमापक, आयनांचे सापळे, विश्वकिरणांचे (अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांचे) मोजयंत्र, सूक्ष्म उल्का टिपणाऱ्या पट्ट्या, वस्तुमान-वर्णपटमापक, दाबमापक असे बारा प्रयोग त्यात बसवायचे होते. उपकरणं तयार करणाऱ्या संस्था अनेक, प्रत्येकाची मुदत पुढे सरकणारी. अमेरिका आधी सोडेल या धास्तीनं कोरोल्योव यांनी साधा गोळा करून आधी पाठवायचं ठरवलं. तो स्पुतनिक-१. ज्याची तयारी सर्वांत आधी सुरू झाली तो तिसऱ्या क्रमांकावर गेला. तोही पहिल्या झटक्यात नाही. २७ एप्रिल १९५८ ला त्याचं रॉकेट दीड मिनिटाच्या आसपास थरथरून तुटलं आणि उपग्रह गेला. जोडीला तयार ठेवलेला दुसरा १५ मे ला कक्षेत पोहोचला.

साडेतीन मीटर उंच शंकू, तळाशी पावणेदोन मीटर रुंद. १,३२७ किलोपैकी ९६८ किलो उपकरणं आणि त्यांची वीजसामग्री. म्हणजे खरोखर अवकाशात नेलेली प्रयोगशाळा. भाची म्हणाली, “मग हा पहिला आला पाहिजे फलकावर.” मान्य. फलकांचा क्रम उड्डाणाच्या तारखेनं नाही, कामाच्या ओघानं लावू.

१७ ऑगस्ट, रविवार

पहिली तार वळवली आणि पहिली चूकही केली. गटातला अकरावीतला मुलगा पक्कड चालवतो, मी मोजपट्टी धरतो. इलेक्ट्रॉन-२ ची मोठी लंबवर्तुळाकार कक्षा : लांबी १२८ सेंटिमीटर, रुंदी ७१. प्लायवूडवर खिळे ठोकून, सुतळीचा फास करून खडूनं आकृती काढली, तीवर तार बसवली. सुरेख आली. मग मध्ये गोळा धरून बघितला तर जवळचं टोकच सापडेना. कारण आम्ही गोळा लंबवर्तुळाच्या मधोमध धरला होता. पृथ्वी नाभीवर, म्हणजे दोन खिळ्यांपैकी एकाच्या जागी, असते, मध्यावर नाही. मी हेच वर्गात इतकी वर्षं घोकून घेतलं आहे!

गोळा खिळ्याच्या जागी सरकवला आणि तार त्याच्या अंगाला ७ मिलिमीटरवर घासून गेली. दुसरं टोक १०७ सेंटिमीटर दूर, खोलीच्या दारापाशी. मुलगा पक्कड खाली ठेवून बराच वेळ त्या तारेकडे बघत राहिला. “सर, हा एवढ्या जवळून जाऊन एवढा लांब जातो?” मी म्हटलं, जायलाच हवं होतं, त्यासाठीच सोडला होता. पण ती गोष्ट इलेक्ट्रॉनच्या पाळीला.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज दिवसभर स्पुतनिक-२. या नोंदीत सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जाणं योग्य होतं, कारण प्रदर्शनाचा कणा इथे आहे.

३ नोव्हेंबर १९५७. ५०८ किलो, २१२ ते १,६६० किलोमीटर. लायकाबद्दल सगळे बोलतात. पण त्याच उपग्रहावर मॉस्को विद्यापीठाच्या सर्गेई वेर्नोव यांच्या गटानं विश्वकिरण मोजण्यासाठी दोन काउंटर, म्हणजे कण मोजणारी यंत्रं, बसवले होते. ७ नोव्हेंबरला एका फेरीत, उत्तरेकडच्या वरच्या अक्षांशांवर, ६० अंशांच्या आसपास मोजणी अचानक चढली. विश्वकिरणांनी असं वागायला नको होतं. ते नक्की काय आहे ते सांगता येण्याइतकी माहिती हाती नव्हती. १० नोव्हेंबरच्या सुमारास उपग्रहाची वीज संपली आणि मोजणी थांबली.

आज आपण म्हणतो की त्यांना बाहेरचा प्रारण पट्टा लागला होता. प्रारण पट्टे म्हणजे पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रात अडकलेल्या कणांची तिच्याभोवतीची दोन कडी, एक आतलं, एक बाहेरचं. हे मला नुसतं सांगायचं नव्हतं, मुलांना हिशेबानं दाखवायचं होतं.

पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रात अडकलेला इलेक्ट्रॉन चुंबकी रेषेभोवती गिरक्या घेत उत्तरेकडे जातो, रेषा दाटतात तिथून परत फिरतो, दक्षिणेकडे जातो, पुन्हा फिरतो. सेकंदाच्या आत हे हेलपाटे चालतात आणि त्याचबरोबर तो हळूहळू पृथ्वीभोवती सरकतही राहतो. विषुववृत्तावर जी रेषा पृथ्वीच्या चार त्रिज्या अंतरावर असते, तीच रेषा खाली वाकत जमिनीवर टेकते. कुठे? साधं सूत्र आहे : अंतराच्या व्यस्ताचं वर्गमूळ म्हणजे त्या अक्षांशाची कोज्या (कोसाइन). चारचा व्यस्त पाव, त्याचं वर्गमूळ अर्धा, आणि कोज्या अर्धी असते ती ६० अंशाला. मी फळ्यावर एवढं लिहिलं आणि खडू खाली ठेवला. विषुववृत्तावर २५ हजार किलोमीटर दूर असलेला पट्टा ६० अंशावर खाली उतरून शिंगासारखा जमिनीकडे टेकतो. खालून जाणाऱ्या उपग्रहाला तो तिथेच, आणि फक्त तिथेच, भेटतो.

भाचीनं मात्र मला इथे अडवलं. “मामा, पण हा चुंबकी अक्षांश ना? भूगोलाचा कसा चालेल?”

बरोबर. पृथ्वीचा चुंबकी अक्ष कललेला आहे. त्या काळात त्याचं उत्तरेकडचं टोक वायव्य ग्रीनलंडजवळ, साडेअठ्ठ्याहत्तर अंशावर होतं. म्हणजे अमेरिकेच्या बाजूला चुंबकी अक्षांश भूगोलापेक्षा जास्त भरतो, रशियाच्या बाजूला कमी. पुन्हा बसलो. ६० उत्तर, ४० पूर्व : चुंबकी अक्षांश ५४.७, रेषेचं अंतर ३ त्रिज्या, उपग्रहाची उंची धरली तर सव्वातीनच्या आत. ६० उत्तर, ९० पूर्व, म्हणजे सैबेरिया : चुंबकी अक्षांश ४९, अंतर सव्वादोन-अडीच. तिथे दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा लागते. तोच अक्षांश, तीच उंची, पण एका ठिकाणी पट्ट्याची आतली कड आणि दुसरीकडे जवळजवळ काहीच नाही. ६५ अंशावर, ४० पूर्वेला गेलं की पावणेचार येतात, तिथे पट्टा भरात. चूक माझी होती आणि ती दुरुस्त केल्यावर गोष्ट आधीपेक्षा जास्त स्पष्ट झाली.

आता दुसरी अडचण. स्पुतनिक-२ उत्तर गोलार्धावरून जाताना कक्षेच्या खालच्या भागात असे, साधारण २०० ते ७०० किलोमीटरवर. वरचं टोक दक्षिण गोलार्धावर. माहिती उतरवून घेणारी केंद्रं सोव्हिएत भूमीवर. आतला पट्टा भेटतो विषुववृत्ताच्या आसपास, उंचावर. तिथे उपग्रह गेला, त्यातूनच गेला, पण तिथलं बोलणं मॉस्कोपर्यंत पोहोचायची सोय नव्हती.

गोळ्यावर आज हिरवे दोरे लावले. चार त्रिज्यांचा दोरा विषुववृत्तापासून ३० सेंटिमीटर बाहेर फुगतो आणि वाकून खाली येतो. स्पुतनिक-२ ची तार त्याला फक्त पायथ्याशी छेदते. बोट लावून दाखवता येतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. सुतारांनी फिरतं स्टँड आज द्यायचं कबूल केलं होतं, आता विसर्जनानंतर देतील. त्यांच्याकडे मखरांचं काम आहे, समजू शकतो. पण वेळापत्रक बारा दिवस मागे गेलं.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. आज रात्री खग्रास चंद्रग्रहण, सगळा गट गच्चीवर जाणार, म्हणून थोडक्यात.

आपल्या प्रमाणात चंद्र ६ मीटर दूर येतो आणि साडेपाच सेंटिमीटरचा, लिंबाएवढा. सभागृहाच्या पलीकडच्या खांबाला टांगू. त्या दोरीवर एक चिठ्ठी : लूना-१, जानेवारी १९५९, आणि लूना-२, सप्टेंबर १९५९. हे उपग्रह नव्हेत, पण पट्टे पार करून बाहेर काय आहे ते यांनीच पहिल्यांदा चाचपलं. कॉन्स्टंटिन ग्रिंगाउझ यांचे आयनांचे सापळे त्यांवर होते. लूना-२ च्या मोजणीतून सूर्याकडून येणाऱ्या आयनांचा झोत दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला सुमारे वीस कोटी निघाला. सौर वारा आधी कागदावर होता, आता आकडा मिळाला. ग्रिंगाउझ हे मुळात रेडिओचे माणूस, पहिल्या स्पुतनिकच्या रेडिओचं कामही त्यांच्या हातचं. रेडिओ दुरुस्तीत हात काळे केलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून विशेष जवळीक वाटते.

ग्रहण संपूर्ण दिसलं तर पहाटे झोपू.

१३ सप्टेंबर, शनिवार

स्पुतनिक-३ चा फलक लिहून झाला. तीन वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यात मी ‘दुर्दैव’ हा शब्द घातला होता, काढला.

घडलं ते असं. एक्सप्लोरर-१ हा १४ किलोचा अमेरिकी उपग्रह १ फेब्रुवारी १९५८ ला (अमेरिकेत तेव्हा ३१ जानेवारी) गेला, २,५५० किलोमीटर उंचीपर्यंत. त्याचा गायगर काउंटर उंचावर चक्क शून्य दाखवू लागला. मार्चमधल्या एक्सप्लोरर-३ वर छोटा टेप रेकॉर्डर होता, त्यामुळे पूर्ण फेरीची मोजणी हाती आली : आकडा चढतो, चढतो, मग एकदम शून्य, मग पुन्हा वरून खाली. काउंटर इतका भरून जात होता की त्याला मोजताच येत नव्हतं. १ मे १९५८ ला हे काउंटर बसवणारे अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स व्हॅन ॲलन यांनी हे जाहीर केलं. स्पुतनिक-३ चं उड्डाण त्यानंतर दोन आठवड्यांनी.

स्पुतनिक-३ वरही टेप रेकॉर्डर होता. पूर्ण फेरीची माहिती साठवून सोव्हिएत भूमीवरून जाताना उतरवायची, म्हणजे स्पुतनिक-२ ला जी अडचण आली ती सुटणार होती. उड्डाणाआधीच्या चाचण्यांत त्याची तक्रार दिसली होती. तरी उड्डाण झालं आणि कक्षेत तो चाललाच नाही. टनभर उपकरणं सुस्थितीत, सगळी मोजत होती, आणि हाती येत होतं ते केवळ केंद्रांच्या टप्प्यातलं.

तेवढ्यातूनही वेर्नोव आणि अलेक्सांद्र चुदाकोव यांनी वरच्या अक्षांशांवरच्या इलेक्ट्रॉनांचा पट्टा ओळखला आणि १९५८ च्या उन्हाळ्यात मॉस्कोत आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सभेत मांडला. बाहेरचा पट्टा वेगळा आहे, तिथे इलेक्ट्रॉनांचं राज्य आहे, आतल्यात भारी ऊर्जेचे प्रोटॉन आहेत, हे चित्र याच वर्षभरात दोन्ही देशांच्या मोजण्यांमधून उभं राहिलं. आतल्या पट्ट्यात प्रोटॉन येतात कुठून याचंही उत्तर वेर्नोव आणि लेबेदिन्स्की यांनी मांडलं : विश्वकिरण हवेवर आदळून न्यूट्रॉन वर उसळतात, वाटेत तुटतात आणि त्यातले प्रोटॉन चुंबकी जाळ्यात अडकतात. अमेरिकेत फ्रेड सिंगर याच विचारापर्यंत स्वतंत्रपणे आले.

तेवढ्याच छोट्या एक्सप्लोरर-३ कडे एक काउंटर आणि चालता रेकॉर्डर होता, म्हणून पट्ट्यांना व्हॅन ॲलन यांचं नाव मिळालं. ते न्यायानं मिळालं. पण फलकावर वेर्नोव आणि चुदाकोव यांची नावं तेवढ्याच मोठ्या अक्षरात जाणार. पाठ्यपुस्तकात ती नसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक गोष्ट मुलांना फार आवडली. स्पुतनिक-३ वर सौर विद्युतघट होते. बॅटऱ्या संपल्यावरही त्यांच्या जोरावर त्याचा ‘मायाक’ प्रेषक बोलत राहिला, एप्रिल १९६० मध्ये उपग्रह जळेपर्यंत, जवळजवळ दोन वर्षं. मायाक म्हणजे दीपस्तंभ.

१४ सप्टेंबर, रविवार

स्टँड आलं. आज इलेक्ट्रॉन.

स्पुतनिक-२ आणि ३ चा धडा घेतला तर काय करायला हवं? एका उपग्रहानं दोन्ही पट्टे नीट पाहता येत नाहीत. लांब कक्षेतला उपग्रह आतल्या पट्ट्यातून धावत जातो. हे मुलांकडून काढून घेतलं. इलेक्ट्रॉन-२ : ४६० ते ६८,२०० किलोमीटर. फेरीचा काळ आमचा २२ तास ४२ मिनिटं, छापील २२ तास ४० मिनिटं. आता तीन त्रिज्यांच्या आत तो किती वेळ असतो? उत्तर आलं पावणेदोन तास. उरलेले एकवीस तास बाहेर. आत तो फक्त येऊन जातो.

म्हणून जोडीला इलेक्ट्रॉन-१ : ४०६ ते ७,१०० किलोमीटर, १६९ मिनिटं. हा कधीच २.१ त्रिज्यांच्या पलीकडे जात नाही, आतल्या पट्ट्यातच फिरत राहतो. एक आत, एक बाहेर, दोघंही एकाच वेळी मोजतायत. सूर्यावरून वादळ आलं, बाहेरचा पट्टा फुगला किंवा रिकामा झाला, तर त्याच तासाला आत काय चाललंय ते कळणार. यापूर्वी ‘तेव्हा तिकडे’ आणि ‘आता इकडे’ अशीच तुलना करावी लागे.

दोन्ही ३० जानेवारी १९६४ ला एकाच रॉकेटवरून गेले. यातली युक्ती मला या सगळ्या प्रकल्पात सर्वांत देखणी वाटते. वेगवेगळ्या दोन कक्षा हव्यात, रॉकेट एक. वरचा टप्पा वेग घेत असतो. आतल्या कक्षेला पुरेल इतका वेग आला, की इंजिन चालू असतानाच इलेक्ट्रॉन-१ ला बाजूला सोडायचं. टप्पा पुढे ढकलतच राहतो आणि वाढलेल्या वेगावर इलेक्ट्रॉन-२ लांब कक्षेत जातो. धावत्या गाडीतून उतरायचं, पण गाडीला धक्का लागू द्यायचा नाही आणि आपणही तिच्या झोतात सापडायचं नाही. इलेक्ट्रॉन-१ ला स्वतःचं छोटं घनइंधन इंजिन दिलं होतं. भाचीनं हे हातानं करून दाखवलं, उजवी मूठ पुढे जातेय आणि तिच्यातून डाव्या हाताची चिमूट सुटतेय. उद्घाटनाला तिनंच हे सांगायचं, असं ठरलं.

त्याच वर्षी जुलैत इलेक्ट्रॉन-३ आणि ४, जवळपास तशाच कक्षांत. त्या तारा लावत नाही, गर्दी होईल. फलकात नोंद पुरेशी.

२१ सप्टेंबर, रविवार

एक अवघड फलक. १९६४ मध्ये पट्टे मोजणं इतकं निकडीचं का होतं?

कारण ते माणसानं बिघडवले होते. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेनं पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुस्फोट केला, ‘स्टारफिश प्राइम’. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकी रेषांत अडकले आणि नवा, कृत्रिम पट्टा तयार झाला. टेलस्टार-१, एरियल-१ असे उपग्रह त्यानं निकामी केले. मे महिन्यात सोडलेला सोव्हिएत कॉसमॉस-५ तेव्हा कक्षेत होता, त्याच्या काउंटरांनी हा पट्टा टिपला. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत संघानंही कझाकस्तानवर उंचावर स्फोट केले आणि त्यांचेही पट्टे झाले. इलेक्ट्रॉन जोडीच्या कामात नैसर्गिक पट्ट्यांइतकंच हेही होतं : हे उरलेलं विष किती आहे आणि किती वेगानं ओसरतंय.

गटात एकानं विचारलं, हे शाळकरी मुलांसमोर मांडायचं का? माझं मत स्पष्ट आहे. मांडायचं. दोन्ही देशांची नावं घेऊन.

२४ सप्टेंबर, बुधवार

चुंबकमापकाचा छोटा फलक आणि त्यात आपल्या घरचा दुवा.

श्माया दोल्गिनोव यांचं चुंबकमापक स्पुतनिक-३ वर होतं. चुंबकी क्षेत्र मोजताना पहिली डोकेदुखी म्हणजे उपग्रह स्वतः. मोटारी, तारा, प्रवाह, लोखंड, सगळं सुईत ढवळाढवळ करतं. हाच त्रास आपल्याकडे मुंबईनं भोगला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकी नोंदी होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहानं नोंदी बिघडतील, म्हणून काम अलिबागला हलवलं आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, अचुंबकी दगडाच्या इमारतीत. ती वेधशाळा आजही चालू आहे. रायगडची मुलं समुद्रावर जातात ती त्याच रस्त्यानं.

१९६४ मध्ये दोल्गिनोव यांच्या गटानं कॉसमॉस-२६ आणि कॉसमॉस-४९ वर प्रोटॉन चुंबकमापक बसवून जागतिक चुंबकी सर्वेक्षणासाठी मोजणी केली. कॉसमॉस-४९ नं पृथ्वीचा सुमारे तीन चतुर्थांश पृष्ठभाग व्यापला. कक्षेचा कल ४९ अंश, आणि ४९ अंशाची ज्या (साइन) ०.७५५. उत्तर ४९ ते दक्षिण ४९ या पट्ट्याचं क्षेत्रफळ पृथ्वीच्या एकूण क्षेत्रफळाच्या नेमकं तेवढंच भरतं. अकरावीतल्या मुलानं हे स्वतः पडताळलं आणि घरी जाताना जिन्यातून ओरडून सांगितलं, “सर, गोळ्याच्या पट्टीचं सूत्र आहे ते!”

२८ सप्टेंबर, रविवार

जोडणी. इलेक्ट्रॉन-२ च्या तारेत तासाला एक असे काळे मणी ओवले. बांगड्यांच्या दुकानातून आणलेले, बारीक. प्रत्येक मण्याची जागा हिशेबानं काढून एमसीलच्या टिपक्यानं पक्की केली. गोळ्याजवळ दोन मण्यांमध्ये वीतभराहून जास्त अंतर, दूरच्या टोकाला जेमतेम पाच सेंटिमीटर. उपग्रह कुठे रेंगाळतो आणि कुठून सुसाट जातो ते न बोलता कळतं. काम करताना चष्मा दोनदा पुसावा लागला, पण एकही मणी सुटला नाही.

मग दिवा. भिंतीकडे सूर्य म्हणून टेबललॅम्प. त्या बाजूला १० त्रिज्यांवर, म्हणजे गोळ्याच्या मध्यापासून एक मीटरवर, पारदर्शक प्लॅस्टिकची वाकवलेली पट्टी : सौर वारा इथे अडतो, चुंबकावरणाची (पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राच्या पसाऱ्याची) कड. इलेक्ट्रॉन-२ चं दूरचं टोक ११.७ त्रिज्यांवर आहे. ते दिव्याकडे असेल तर कड ओलांडून बाहेर डोकावतं, उलट बाजूला असेल तर चुंबकावरणाच्या लांब शेपटीत आत राहतं. तार आकाशात जवळजवळ जागच्या जागी असते, पृथ्वी मात्र सूर्याभोवती रोज अंशभर पुढे सरकते. म्हणून स्टँड फिरतं केलं. दिवा स्थिर ठेवून तार हळूहळू वळवली की सहा महिन्यांत उपग्रह कसा वेगवेगळ्या दिशा पाहून येतो ते दिसतं. तार वळताना प्लॅस्टिकला अडत होती, पट्टीला खाच पाडली.

४ ऑक्टोबर, शनिवार

उघडलं. सकाळी दहा ते रात्री आठ, माणसं येतच होती. भाचीनं धावत्या रॉकेटमधून उपग्रह सोडण्याची गोष्ट सतरा वेळा सांगितली, शेवटी आवाज बसला. सगळ्यात जास्त वेळ लोक थांबले ते मण्यांपाशी आणि हिरव्या दोऱ्याच्या पायथ्याशी, जिथे स्पुतनिक-२ ची तार त्याला छेदते. एका आजींनी तिथे बोट ठेवून विचारलं, “म्हणजे त्यांना सापडलं होतं, पण कळलं नव्हतं?” मी हो म्हटलं.

दुपारी चौथीतला एक मुलगा गोळ्याला पूर्ण फेरी मारून आला आणि म्हणाला, “आपला कुठाय?”

आपला होता, आणि तोही याच गोष्टीतला. आर्यभट, १९ एप्रिल १९७५, रशियातल्या कापुस्तिन यार तळावरून, सोव्हिएत कॉसमॉस रॉकेटवर. मार्च १९६२ मध्ये आयनांबर अभ्यासायला कॉसमॉस-१ सुटला तोही त्याच कापुस्तिन यारहून. ३६० किलोच्या आर्यभटावर क्ष-किरण, सूर्याचे न्यूट्रॉन आणि आयनांबर असे तीन प्रयोग होते. वीजपुरवठा बिघडल्यानं ते थोड्याच दिवसांत थांबले. कक्षा ५६३ ते ६१९ किलोमीटर, कल ५०.७ अंश. गोळ्यापासून ९ मिलिमीटर, जवळजवळ गोल.

त्याला सांगितलं, उद्या ये, लावलेला असेल. तार पाऊण मीटर उरली आहे, परिघाला तेवढी पुरते. सकाळी आठला वाचनालय उघडतं, त्याआधी मुलगा पक्कड घेऊन येतोय.